पान झाकलेली बोळकी

आमच्या दाजींनी बीड जिल्ह्यातले जितके दारूचे गुत्ते पाहिले, तितके आबकारीच्या दारोगानेसुद्धा पाहिले नसतील. आणि इतके गुत्ते पाहून त्यांच्याइतकी कमी दारू प्यायलेला माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात शोधून सापडला नसता. कमी म्हणजे किती, तर थेंबभरसुद्धा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. घाटनांदूरला त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. घराणं लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, आणि चेहरा असा गंभीर की गूळ मागायला आलेलं गिऱ्हाईक उगाचच आवाज खाली आणून बोलायचं. त्यांना मी खळखळून हसताना कधी पाहिलं नाही. फार झालं तर मिशी थोडी हलायची, आणि ती हलली हे आम्ही आक्काला जाऊन सांगायचो.

अशा या माणसाला वर्षातून एकदा गुत्त्यांचा फेरा केल्याशिवाय चैन पडत नसे. कार्तिक संपला, थंडी पडली, की ते दमणीला बैल जुंपायचे आणि मोमिनाबाद, केज, मांजरसुंब्याचा घाट, गेवराई असं करत थेट उमापूरपर्यंत जायचे. जायला सहा दिवस, यायला सहा दिवस. विचारलं तर म्हणायचे, "मिरची बघायला चाललोय." इतकी वर्षं मिरची बघितली, पण कधी पोतंभर आणली असेल तर शपथ. मी तेव्हा मोमिनाबादच्या शाळेत मास्तर होतो. आक्कानं एका वर्षी मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, तू रजा काढ आन् ह्यांच्यासंगं जा. नुसतं ध्यान ठेव." माझ्या बहिणीला जगातलं पुष्कळ कळायचं, पण आपल्या भावाला शिंदी आवडते एवढी एक गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती. बोक्याला दुधाच्या राखणीवर बसवावं तसा मी दमणीत बसलो, आणि पुढं दरवर्षीच बसत गेलो.

दाजी गुत्त्याची पारख दारूवर करत नसत, उंबऱ्यावर करत. दमणी थांबली की आधी ते उंबऱ्यापाशी उकिडवे बसायचे आणि मधोमध झिजलेल्या लाकडावरून हात फिरवायचे. उंबरा खोलगट झालेला असला की मान हलवायचे. दार ठेंगणं असावं, आत जाताना माणसाला वाकावं लागावं, भिंती शेणानं सारवलेल्या असाव्यात, बाहेर एखादं चिंचेचं नाहीतर लिंबाचं झाड असावं आणि पाण्याचा रांजण दारूच्या मडक्याहून मोठा असावा, असे त्यांचे दंडक होते. गेवराईच्या वाटेवर एकानं पत्रा घालून, चुना लावून नवा गुत्ता उघडला होता. मालक हौशी होता. त्यानं दाजींना मोठ्या मानानं आत नेलं, बाकडं पुसून दिलं. दाजी चौफेर बघत राहिले, मग बाहेर येऊन मला म्हणाले, "मास्तर, जागा नवी हाय. हितं अजून कुनी रडलं न्हाई." आणि पुन्हा त्या दारात कधी गेले नाहीत.

आक्का त्यांच्या बरोबर दशम्या, शेंगाची चटणी आणि कांदे बांधून द्यायची. ती शिदोरी दाजी गुत्त्यातच सोडायचे. आजूबाजूला गाडीवान, धनगर, सुतार, कुणी सुटीवरचा शिपाई असे लोक आपापलं बोळकं पुढ्यात घेऊन बसलेले. गुत्त्यात मातीच्या लहान बोळक्यातून प्यायची पद्धत होती. दाजी प्रत्येकाच्या हातावर चतकोर दशमी ठेवायचे. "रिकाम्या पोटी बसू नगं," एवढंच बोलायचे. त्यांची विभूती बघून पिणारे आधी दचकायचे, कुणी बोळकं पाठीमागं लपवायचे. मग मात्र त्यांच्या शेजारी सरकायचे. केजच्या गुत्त्यात एका म्हाताऱ्या गाडीवानानं तर भर बैठकीत त्यांचे पाय धरले आणि मला सोडवा म्हणून हंबरडा फोडला. दाजींनी त्याला धरून बसवलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "घरी कोन हाय तुज्या?" तो म्हणाला, "भाऊ हाय." दाजी म्हणाले, "मंग हितं कावून बसलास बे? ऊठ, घरला जा." तो खरंच उठला आणि गेला. तो दिसेनासा होईपर्यंत दाजी उंबऱ्यात उभे राहिले. त्याचं कारण तेव्हा मला कळलं नव्हतं.

या फेऱ्यांचा खरा परिणाम झाला तो त्यांच्या बैलांवर. बैल वाटेतला प्रत्येक गुत्ता ओळखायला लागले होते. कासरा ढिला पडला की ते आपणहून वळायचे आणि चिंचेखाली जाऊन उभे राहायचे. एकदा मठाचे स्वामी घाटनांदूरला आले होते. त्यांना मोमिनाबादला पोचवायचं होतं. दाजींनी मोठ्या भक्तिभावानं आपली दमणी दिली आणि गडी पाठवला. मोमिनाबादच्या अलीकडं बैल वळले, गुत्त्याच्या दारात थांबले आणि काही केल्या हलेनात. आतून मालक बाहेर आला, बैल ओळखून म्हणाला, "या शेट, पान ताजं आनलंया," आणि दमणीत वाकून बघतो तर भगव्या कफनीतले स्वामी. ही हकीकत आठ दिवसांत सगळ्या समाजात पसरली. मठातून बोलावणं आलं. स्वामींनी विचारलं, "तुमचे बैल कुणी बिघडवले?" दाजी हात जोडून म्हणाले, "बैल बिघडलेले न्हाईत, महाराज. मालक बिघडलेला हाय." स्वामी समजूतदार होते. त्यांनी प्रसादाचं केळ हातावर ठेवून त्यांना परत पाठवलं.

त्या मालकानं ज्या पानाचा उल्लेख केला, तो दाजींचा सगळ्यात अवघड विक्षिप्तपणा. प्रत्येक ठिकाणी ते एकच बोळकं भरून मागायचे. ते स्वतःच्या पुढ्यात नाही, समोरच्या रिकाम्या जागेवर ठेवायचे. मग पळसाचं एक हिरवं पान घेऊन त्यावर झाकायचे. घटकाभर त्या झाकल्या बोळक्यासमोर मांडी घालून बसायचे, आणि उठताना मालकाला सांगायचे, "ठिवा तसंच." मालक ते उचलून कोनाड्यात ठेवायचा. पुढच्या वर्षी गेलो की कोनाड्यातून तेच बोळकं निघायचं, पान वाळून पाचोळा झालेलं, आत दारू आटून नुसता तपकिरी डाग उरलेला. ते पुन्हा भरायचं, पुन्हा नवं पान. अशी पाच ठिकाणी पाच बोळकी होती. पहिल्या वर्षी मी न राहवून म्हटलं, "दाजी, कुणी पिणार नसेल तर मी घेतो." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझी शिंदीही गोड लागेना.

परत आल्यावर मी आक्काला सांगितलं, की दाजी पीत नाहीत, पण त्यांच्या डोक्यात काहीतरी आहे. आक्का ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुला ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "ह्यास्नी थोरला भाऊ हुता. आन्ना म्हनायचे त्यास्नी."

मला एवढंच ठाऊक होतं की तो थोरला फार वर्षांपूर्वी घर सोडून गेला. आक्कानं त्या दिवशी सगळं सांगितलं. आण्णा पिणारा होता. लिंगायताच्या घरात पिणारा म्हणजे केवढी नामुष्की. पण माणूस दिलदार, गावभर लाडका, गाडीवानांत बसून त्यांची भांडणं मिटवणारा. आक्काची सोयरीक दाजींशी ठरत होती तेव्हा आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निरोप धाडला: थोरला गुत्त्यात बसतो त्या घरात मी लेक देणार नाही. दाजी तेव्हा विशीतले. निरोप ऐकून ते रागानं तडक गावाबाहेरच्या गुत्त्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या दारात पाऊल टाकलं. आण्णा जागेवर नव्हता. बैलांना पाणी दाखवायला मागं गेला होता. त्याचं बोळकं भरलेलं होतं आणि त्यावर पळसाचं पान झाकलेलं होतं.

आता गुत्त्याची रीत अशी, की कुणी मधेच उठून बाहेर गेला तर बोळक्यावर पान झाकून जातो. पान झाकलेलं आहे तोवर तो माणूस परत येणार आहे. कितीही झिंगलेला असो, त्या बोळक्याला दुसरा हात लावत नाही. हात लावायचा हक्क दोघांनाच, एक त्याला स्वतःला आणि दुसरा त्याच्या सख्ख्या भावाला. भाऊ प्यायला तर ती त्यालाच पोचली असं धरतात. आणि बैठकीतला कुणी मेला, की त्याचे सोबती माती देऊन येतात, त्याच्या बोळक्यावरचं पान काढतात, आतली दारू उंबऱ्याबाहेर मातीत ओततात आणि बोळकं फोडतात. एरवी झाकलेलं बोळकं कुणी कधी ओतत नाही. किराणा दुकानात वाढलेल्या, शिवलीलेशिवाय दुसरं काही न ऐकलेल्या पोराला हे कुठून ठाऊक असणार?

"ह्यांनी पान काडलं," आक्का म्हणाली, "आन् समद्यांच्या देखत बोळकं उंबऱ्याभाईर वतलं. आन्ना तेवड्यात मागून आले. आन्नांनी मातीकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. म्हनले, 'बरं, मी मेलो म्हन.' आन् ते बोळकं सोताच्या हातानं फोडलं. चालायला लागले ते मोमिनाबादच्या वाटंनं. मागं बघितलं न्हाई."

नंतर गाडीवानांनी सांगितलं की तो मोमिनाबादेजवळ दिसला, केजला दिसला, घाटाखाली दिसला, गेवराईच्या अलीकडं दिसला, उमापूरला दिसला. उमापूरच्या पुढं गोदावरी. तिथून पुढची बातमी आली नाही. मधे एकदा कुणीतरी सांगितलं, कडा गावात तसाच एकजण आहे. दाजी एकटेच कड्याला धावले. तो दुसराच निघाला. त्या दुसऱ्यालाच धोतरजोडी नेसवून दाजी परत आले.

"मंग आबानी लगीन लावलं," आक्का म्हणाली. "पिनारा घरात उरला न्हाई न्हवं." आणि तिनं सूप पुन्हा उचललं. आबांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, लेकीचं चांगलं पाहिलं होतं. तरी मला त्यांची लाज वाटली, आणि आबांची लाज वाटली म्हणून स्वतःचीही वाटली.

त्यानंतरच्या फेऱ्यांत मी दाजींची थट्टा केली नाही असं नाही. थट्टा केली नसती तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय. पण त्यांनी पान झाकलं की मीही माझं बोळकं घटकाभर खाली ठेवायला लागलो. पाचही कोनाड्यांत पान होतं तोवर आण्णा मेलेला नव्हता, बाहेर गेलेला होता. दाजींनी एकदा ओतलेलं ते पाच जागी असं भरून काढत होते.

आणि मग एका वर्षी दवंडी पिटली. गावोगावचे जुने गुत्ते आणि त्यांच्या भट्ट्या बंद. यापुढं ठरावीक जागी सरकारमान्य दुकानं. गुत्त्यातली दारू गुत्त्यातच प्यायची, बाहेर न्यायची नाही. दवंडीवाला दुकानासमोरून गेला तेव्हा दाजी कुणाला तरी हरभऱ्याची डाळ मोजून देत होते. त्यांच्या हातातलं माप भरून वाहिलं, डाळ फळीवर सांडली, तरी ते ओततच राहिले. त्याच संध्याकाळी मला मोमिनाबादला निरोप आला. कार्तिक लांब होता. आम्ही भर भाद्रपदात निघालो, चिखलातून.

जाताना दाजींनी एकाही गुत्त्यात दमणी थांबू दिली नाही. बैल वळायचे आणि ते त्यांना पुन्हा वाटेला आणायचे. थेट उमापूर गाठलं. तिथला गुत्ता एक म्हातारी कलालीण चालवायची. तिनं कोनाड्यातलं बोळकं काढून समोर ठेवलं आणि म्हणाली, "शेट, आता जागाच मोडायची हाय. बोळकं मोकळं करावं लागतंय. तुमी वतता का मी वतू?"

"न्हाई," दाजी म्हणाले.

"मंग?"

एवढा मोठा माणूस, तिथं शाळेतल्या मुलासारखा हात बांधून उभा राहिला. म्हातारीनं मडक्यातली शेवटची दारू काढून बोळकं काठोकाठ भरलं, त्यावर दुहेरी पान घातलं, सुतळीनं गळ्याशी घट्ट बांधलं आणि कडेनं कणीक लिंपली. म्हणाली, "रिकामं न्यायचं नसतंय, भरलेलं न्या. तुमी वतलं न्हाई, मी वतलं न्हाई, मंग सरकारला तरी कावून वतू द्यायचं?"

परतीच्या वाटेवर गेवराईचं घेतलं, घाटाखालचं घेतलं, केजचं घेतलं, मोमिनाबादेजवळचं घेतलं. प्रत्येक मालकानं म्हातारीसारखंच बांधून दिलं. एकालाही कारण विचारावं लागलं नाही. दमणीत कडबा पसरून त्यात पाच बोळकी बसवली. पावसानं वाट फुटली होती. दाजी स्वतः खाली उतरून बैलांपुढं चालत होते, खड्डा आला की हात वर करायचे, दगड दिसला की उचलून बाजूला टाकायचे. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात. मी आत बसून पाची बोळकी पायांनी आणि हातांनी धरून ठेवली होती. वाटभर लोक हे बघत होते: एक विभूती लावलेला शेट दारूच्या पुढं चालत वाट साफ करतोय. मला हसूही येत होतं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मोमिनाबाद मागं पडलं. घाटनांदूर दोन-अडीच कोस राहिलं असेल, दुपार कलली होती, आणि वाटेत आबकारीचा नवा नाका लागला. नुकताच चुना दिलेली एक खोली, पुढं आडवा बांबू. आत म्हातारा जमादार होता. त्यानं दमणीत वाकून पाहिलं, कणकेचा वास घेतला, मग दारूचा.

"ये क्या है जी?"

मी उर्दूत सगळं नीट सांगू लागलो. मास्तराची उर्दू, तो कंटाळला. तेव्हा दाजींनीच मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, भावाचं आहे म्हणून. पान, रीत, ओतणं, सगळं. जमादारानं शेवटपर्यंत ऐकलं. दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सेठ, बात समझा मैं. लेकिन हुकूम हुकूम है. ले जाना नक्को. फेंक देव, नहीं तो यहींच पी लेव. पेट में जो गया, उसपे मेरा हुकूम नहीं चलता." आणि तो पाठ फिरवून नमाजाची चटई झटकू लागला. ती त्यानं बराच वेळ झटकली.

मी म्हणालो, "दाजी, द्या इकडं. मला सवय आहे."

"ठावं हाय मला," दाजी म्हणाले. "पर तुमी कावून? भाऊ मी हाय."

ते रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले. गळ्यातलं लिंग काढणं म्हणजे मरणच, ते त्यांनी काढलं नाही. सदऱ्याच्या आत पाठीवर सरकवलं, देवानं बघू नये म्हणून. पहिल्या बोळक्याची कणीक नखानं काढली, सुतळी सोडली, पान उचललं आणि ते पान जपून मांडीवर ठेवलं. मग नाक दाबून, डोळे मिटून, काढा प्यावा तशी प्यायले. थेंब सांडू दिला नाही. बराच वेळ खोकले. खोकला थांबल्यावर रिकाम्या बोळक्यात बघत म्हणाले, "ह्येच्यापायी? एवढ्याशापायी मी त्याला मारलं व्हय?"

दुसरं प्यायले, तिसरं प्यायले. चौथं तीनदा खाली ठेवत संपवलं. त्यांच्याच्यानं आता होणार नाही हे दिसत होतं, आणि पाचवं उरलं होतं. मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "दाजी, निरोप माझ्या बापानं धाडला होता." हे वाक्य माझ्या पोटात किती वर्षं होतं ते माझं मला ठाऊक.

त्यांनी लाल झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमी माज्या बायकूचे भाऊ," ते विचार करत सावकाश म्हणाले, "मंग माजे बी भाऊ. मंग त्याचे बी भाऊच की." आणि पाचवं बोळकं त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या पुढ्यात ठेवलं. "घ्या. आबांच्या वतीनं घ्या." आमच्या आबांनी जन्मात दारूचा वास घेतला नव्हता. त्यांच्या वाटची मी प्यायलो. तेवढी कडू मी पुन्हा कधी प्यायलो नाही; खरं सांगायचं तर पुन्हा प्यायलोच नाही.

मग दाजी त्या नव्या नाक्याच्या चुना दिलेल्या भिंतीला टेकले आणि रडले. मोठ्यानं, आण्णाला हाका मारत. जमादारानं बांबू वर केला होता आणि तो तसाच हातानं धरून उभा राहिला होता.

पुढच्या वाटेवर त्यांनी प्रत्येक कोसाच्या दगडाला रामराम घातला. बैलांना उद्देशून एक लांबलचक भाषण केलं, त्यात बैलांच्या आईवडिलांचीही विचारपूस होती. मिशी हलताना मी त्या एका वाटेत पाहिली तितकी पुन्हा पाहिली नाही. दिवे लागायच्या आत घाटनांदूर आलं. आक्का दारातच होती. वास तिला अंगणातूनच आला असणार. मी मनातल्या मनात पाठ मऊ करून ठेवली. आक्कानं दमणीत वाकून पाच रिकामी बोळकी पाहिली, त्यांच्याशेजारी जपून ठेवलेली पानं पाहिली, आणि नवऱ्याला विचारलं, "सांडली का?"

"न्हाई," दाजी म्हणाले.

"मंग आत या. पाय धुवा." एवढंच.

ती पाच बोळकी दाजींनी दुकानात तागडीच्या वरच्या फळीवर मांडली. रिकामी, पण प्रत्येकावर पान. पान वाळलं की नवं आणायचे. गिऱ्हाइकं विचारायची, शेट, ह्यात काय हाय? दाजी म्हणायचे, "माल यायचाय." मठाच्या स्वामींनी एकदा दुकानात पाय लावले, फळीकडं पाहिलं आणि काही न विचारता दोन चिमटी विभूती त्या पानांवर टाकली. फेरे थांबले. बैल मात्र म्हातारे होईस्तोवर मोमिनाबादच्या वाटेवर त्या चिंचेपाशी वळत राहिले, आणि तिथं गुत्ता नाही हे बघून आपणच परत वाटेला लागायचे.

दाजी गेले ते एका हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. आण्णाची बातमी शेवटपर्यंत आली नाही. बसलेल्या स्थितीत, आमच्या रीतीनं, त्यांना माती दिली. घरी परत आलो तेव्हा दुकान बंद होतं. मी ते सहज उघडलं. फळीकडं बघून मला वाटलं, आता हे कोण सांभाळणार? ओतायला आत काही नव्हतं, पण रीतीप्रमाणं फोडायचं तरी कुणी? मी आक्काला हाक मारली. ती आली, डोळे सुजलेले, पदरात काहीतरी धरलेलं. स्टुलावर चढून तिनं पाची बोळक्यांवरची जुनी पानं काढली आणि पदरातली ताजी पानं एकेक करून झाकली. मग घरातून आणलेलं एक नवं कोरं बोळकं त्यांच्या शेजारी ठेवलं आणि त्यावरही पान झाकलं.

मी म्हणालो, "आक्का, दाजी तर पीत नव्हते."

ती खाली उतरली. पदरानं फळीवरची धूळ पुसली.

"पीत न्हवते," ती म्हणाली. "पर आन्नाला बघायला भाईर गेलेत न्हवं."

मी दुकानाचं दार ओढून घेतलं. आम्ही दोघं मागच्या दारानं घरात गेलो. पळसाची पानं आता मी नेऊन देतो.